पहिला ओरडा कुणाला?

आयटीत पाच-सहा वर्षं काढली की एक गोष्ट हमखास लक्षात येते. मॅनेजर एक पायरी वर चढला की त्याला खेळातले दाखले सुचायला लागतात. काल-परवापर्यंत जो माणूस टाइमशीट भरली का म्हणून मागे लागायचा, तो अचानक 'चॅम्पियन टीम' आणि 'लॉकर रूम कल्चर' असलं काहीतरी बोलायला लागतो. स्लाइडवर डावीकडे एखाद्या कोचचा फोटो, उजवीकडे त्याचं वाक्य. ते वाक्य त्याने खरंच कधी उच्चारलं होतं का, हे देव जाणे. क्रिकेटवाले सोडले तर या स्लाइड्सवर मला सगळ्यात जास्त वेळा भेटलेला माणूस म्हणजे ग्रेग पॉपोविच. आणि हा माणूस माझा अत्यंत लाडका असल्यामुळे दरवेळी माझं डोकं उठतं. म्हणून हा शनिवार त्याच्या नावाने.

बास्केटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सॅन अँटोनियो स्पर्स हा अमेरिकेतल्या टेक्सस राज्यातला एनबीएचा संघ. पॉपोविच (सगळं जग त्याला पॉप म्हणतं, आपणही म्हणू) १९९६ ते २०२५ एवढा काळ त्याचा कोच होता. पाच विजेतेपदं: १९९९, २००३, २००५, २००७ आणि २०१४. नियमित मोसमातले १४२२ विजय, एनबीएच्या इतिहासात इतर कुठल्याही कोचपेक्षा जास्त. १९९८ ते २०१९ सलग बावीस वर्षं संघ प्लेऑफमध्ये. मूळचा एअर फोर्स अकॅडमीचा माणूस, शिकला सोव्हिएत अभ्यास, आणि नाद वाइनचा. टीव्हीवाल्यांना तो मॅचच्या मध्ये अशी काही तुटक उत्तरं द्यायचा की विचारणाऱ्याचीच दया यावी.

स्लाइडवर त्याच्या दोन गोष्टी जातात. एक, पाथरवटाची. जेकब रीस नावाच्या पत्रकाराचा एक विचार स्पर्सच्या लॉकर रूममध्ये लावलेला असायचा, तोही खेळाडूंच्या वेगवेगळ्या मातृभाषांमध्ये. आशय असा की शेवटच्या घावाला दगड फुटतो, पण तो आधीच्या सगळ्या घावांमुळे. दुसरी गोष्ट म्हणजे जेवणं. पॉप टीमला घेऊन गावोगावी उत्तमोत्तम रेस्तराँत जायचा, तासन्‌तास गप्पा चालायच्या.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही सोप्याही आहेत. पोस्टर छापायला आणि टेबल बुक करायला काय लागतं? पण तिसरी एक गोष्ट आहे जी स्लाइडवर कधीच येत नाही, कारण ती आली तर स्लाइड दाखवणाऱ्याचीच पंचाईत होईल. स्पर्समध्ये ओरडा आधी सगळ्यात मोठ्या खेळाडूला बसायचा.

त्याआधी नशिबाचं बोलून घेऊ, नाहीतर मीही त्या स्लाइडवाल्यांसारखाच. डिसेंबर १९९६ मध्ये पॉप स्पर्सचा जनरल मॅनेजर होता. संघाची अवस्था ३ विजय, १५ पराभव. पॉपने कोचला काढलं आणि स्वतःच कोच होऊन बसला. लोकांना हे अजिबात आवडलं नाही, आणि का आवडावं? त्याआधी त्याचा हेड कोच म्हणून अनुभव काय, तर कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झर या लहानशा कॉलेज टीमचा. डेव्हिड रॉबिन्सन जखमी, संघ हरतच राहिला, मोसम संपला तेव्हा हिशेब २० विजय आणि ६२ पराभव. मग १९९७ ची लॉटरी लागली, पहिली निवड स्पर्सला मिळाली आणि टिम डंकन आला. आपल्या यशाचं रहस्य विचारलं की पॉप स्वतःच या नशिबाकडे बोट दाखवायचा. लोक हसून सोडून द्यायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं.

आता पुढचं बघा. डंकन आला तेव्हा रॉबिन्सन हा १९९५ चा एमव्हीपी होता, शहराचा लाडका होता. त्याने नव्या पोराला जागा करून दिली. आणि मग डंकन स्वतः मोठा झाला, २००२ आणि २००३ असा लागोपाठ दोन वेळा एमव्हीपी झाला, तरी पॉप त्याच्यावर सगळ्यांसमोर ओरडायचा. बचावात पाय हलले नाहीत, परत धावत आला नाहीस, वगैरे वगैरे. आणि डंकन ऐकून घ्यायचा. उलट उत्तर नाही, तोंड पाडून बसणं नाही. पॉपने हे पुढे कितीतरी वेळा सांगितलंय की डंकनने मला स्वतःला कोच करू दिलं म्हणून मी बाकीच्यांना कोच करू शकलो.

यात नुसता समानतेचा मुद्दा असता तर मी एवढं लिहिलं नसतं. 'मोठा-लहान सगळे सारखे' हे तर शाळेच्या भिंतीवरही असतं. मला यातली गंमत वेगळी वाटते, आणि ती आपल्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळेल.

मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे एक सीनियर होता. खरोखर हुशार. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन पडलं तर हाच उठवायचा. सगळे त्याला गुरू म्हणायचे. या गुरूचा कोड रिव्ह्यूला आला की दोन मिनिटांत 'अप्रूव्ह्ड'. तीनशे फायली बदललेल्या असोत, दोन मिनिटं. आणि कॉलेजमधून आलेल्या मुलीने वीस ओळी बदलल्या की खाली चाळीस कॉमेंट्स. नाव नीट दे, इथे स्पेस जास्त आहे, हे असं का लिहिलं, ते तसं का नाही. कॉमेंट्स चुकीच्या नव्हत्या हो! बहुतेक बरोबरच होत्या. पण त्या टीममध्ये कॉमेंटचा अर्थ काय झाला होता? 'तू फ्रेशर आहेस.' एवढाच. ज्याला कॉमेंट्स पडतात तो लहान, ज्याला पडत नाहीत तो मोठा. त्यामुळे जो तो लवकरात लवकर कॉमेंट न पडणाऱ्यांत जायची धडपड करायचा. कोड सुधारायची धडपड कुणाचीच नव्हती.

एकदा महिनाअखेरीला बिलिंग बंद पडलं. कारण गुरूच्या डिझाइनमध्ये होतं हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मग रूट कॉज अ‍ॅनालिसिसची मीटिंग झाली. स्लाइडवर आलं 'प्रोसेस गॅप', आणि उपाय म्हणून पुढच्या स्लाइडवर फ्रेशर्ससाठी ट्रेनिंग! त्यानंतर टीम बाँडिंगसाठी बार्बेक्यू डिनर. पनीर चांगलं होतं. ती मुलगी तीन महिन्यांत सोडून गेली.

आता डंकनकडे परत या. त्याला सगळ्यांसमोर ओरडा बसला की ओरड्याचा अर्थच बदलतो. दोनदा एमव्हीपी झालेल्या माणसाला 'तू लहान आहेस' असं कुणी सांगत नसतं. मग उरतो फक्त मजकूर: पास चुकला, पाय हलले नाहीत. तीच गोष्ट पाच मिनिटांनी बाराव्या खेळाडूला सांगितली की तोही ती मजकूर म्हणूनच ऐकतो, कारण त्याने नुकतंच बघितलेलं असतं की इथे हे डंकनलाही सांगतात. वरून खाली सांगायची हीच गोष्ट खालून वर गेली, म्हणजे आधी नव्या पोराला आणि मग झालंच तर मोठ्याला, की सगळं मुसळ केरात.

आणि याचा अर्थ प्रत्येकाला सारखंच झापायचं असाही नाही. मानू जिनोबिलीचं उदाहरण घ्या. अर्जेंटिनाचा हा अवलिया असले काही पास द्यायचा आणि अशा काही जागांवरून बॉल मारायचा की पॉप वेडा व्हायची वेळ यायची. सुरुवातीला पॉपने त्याला सरळ करायचा प्रयत्न केला. मग त्याच्या लक्षात आलं की हा माणूस असाच जिंकून देतो, तेव्हा आपण गप्प बसावं. ही कबुली पॉपने स्वतःच दिलीय. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तर गंमतच झाली. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने अमेरिकेला ८९-८१ असं हरवलं, जिनोबिलीचे २९ पॉइंट्स. समोर अमेरिकेच्या संघात डंकन, आणि बाकावर सहाय्यक कोच म्हणून बसलेला पॉप! अर्जेंटिनाने सुवर्णपदक नेलं. आणि याच जिनोबिलीला पॉपने पुढे सांगितलं की तू सुरुवातीच्या पाचांत नको, बेंचवरून ये. ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्याला राखीव! तो आला. २००८ मध्ये एनबीएचा सर्वोत्तम सिक्स्थ मॅन ठरला. आपल्याकडे एखाद्याला 'लीड' ऐवजी 'सीनियर' लिहिलेलं व्हिजिटिंग कार्ड देऊन बघा काय होतं ते.

पण पॉपची खरी परीक्षा मला २०१३ ची वाटते. तेव्हा मी शाळेत होतो आणि एनबीए म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पुढे इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर ही मॅच पहिल्यांदा बघितली. त्यानंतर किती वेळा बघितली ते विचारू नका.

१८ जून २०१३, मायामी. फायनलचा सहावा सामना. स्पर्स मालिकेत ३-२ ने पुढे, म्हणजे हा जिंकला की विजेतेपद. २८ सेकंद उरलेत आणि स्पर्स ९४-८९ असे पुढे. कोर्टाच्या कडेने पिवळे दोर आणून ठेवलेले, कारण ट्रॉफीचा समारंभ करायचा होता. मायामीचे काही प्रेक्षक उठून घरी निघालेसुद्धा. मग लेब्रॉन जेम्सचा तीनचा बॉल चुकतो, रिबाउंड मायामीकडे, पुन्हा लेब्रॉन, या वेळी आत. ९४-९२. कवाय लेनर्ड, वय एकवीस, दोन फ्री थ्रोंपैकी एक चुकवतो. ९५-९२. लेब्रॉन पुन्हा चुकवतो, पण ख्रिस बॉश रिबाउंड पकडतो, कोपऱ्यात मागे मागे सरकणाऱ्या रे अ‍ॅलनकडे पास. ५.२ सेकंद बाकी असताना ९५-९५. ओव्हरटाइममध्ये मायामी १०३-१०० ने जिंकलं. दोन दिवसांनी सातवा सामनाही गेला, ९५-८८.

ते दोन रिबाउंड मायामीला मिळाले तेव्हा टिम डंकन कुठे होता? बेंचवर. स्पर्सचा सगळ्यात उंच, रिबाउंडला सगळ्यात भरवशाचा माणूस, त्या सामन्यात ३० पॉइंट्स केलेला, आणि दोन्ही वेळा पॉपने त्याला बाहेर बसवलं होतं. कारण काय, तर समोर बॉश वेगवान आणि थ्री-पॉइंटर अडवायला पळणारी माणसं हवीत. कारण तर्काला धरून होतं. निकाल सगळ्या जगाने बघितला.

त्या रात्री विजयाच्या जेवणासाठी मायामीतलं एक इटालियन रेस्तराँ आधीच ठरलं होतं. अशा वेळी आपण काय करू? बुकिंग रद्द, जो तो आपापल्या खोलीत. पॉपने सांगितलं की सगळ्यांनी यायचं. खेळाडू पोचायच्या आधी तो स्वतः तिथे जाऊन थांबला होता, आणि मग एकेकापाशी जाऊन बोलत बसला. हा प्रसंग आता पुस्तकांत आलाय, स्लाइडवरही आलाय. छान आहे. माझ्याही डोळ्यांत पाणी येतं.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. काही महिन्यांनी नव्या मोसमाचा ट्रेनिंग कॅम्प सुरू झाला. आणि अगदी सुरुवातीलाच पॉपने सगळ्यांना बसवून त्या हरलेल्या सामन्यांचं चित्रण दाखवलं. विषय टाळला नाही, 'झालं गेलं विसरून जा' म्हटलं नाही.

आता त्या चित्रणात कोण कोण दिसतं ते मोजू. जिनोबिली: सहाव्या सामन्यात आठ वेळा बॉल गमावलेला, शेवटच्या मिनिटात एक फ्री थ्रो चुकवलेला. लेनर्ड: फ्री थ्रो. डंकन: सातव्या सामन्यात अखेरच्या मिनिटात बास्केटच्या अगदी जवळून चुकलेला बॉल, जो आत गेला असता तर बरोबरी होती. आणि शेवटी ज्याने डंकनला बाहेर बसवलं तो कोच. म्हणजे पडद्यावर चुकणारे सगळे मोठे लोक, आणि त्यांत चित्रण लावणारा स्वतः! खोलीत बसलेल्या राखीव खेळाडूंकडे बोट जाण्याची शक्यताच नाही, कारण ते तेव्हा मैदानातच नव्हते. आता ती 'प्रोसेस गॅप' वाली स्लाइड आठवून बघा.

असं चित्रण तुम्ही तेव्हाच लावू शकता, जेव्हा त्याआधीची पंधरा वर्षं मोठ्यांना झापायची सवय असते. एरवी शांत बसून एकाएकी असं काही केलंत तर तो सूड वाटेल. किंवा मोठा माणूस दुसऱ्या दिवशी राजीनामा ठेवेल.

पुढचा मोसम म्हणजे २०१३-१४. मी बास्केटबॉल त्यासाठी बघतो. नियमित मोसमात ६२ विजय, लीगमध्ये सर्वाधिक, आणि संघातल्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत पोचली नाही. सामना ४८ मिनिटांचा असतो. म्हणजे कुणीही 'याच्याशिवाय चालणार नाही' असा नाही. फ्रान्स, अर्जेंटिना, ब्राझील, इटली, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, इतक्या देशांची माणसं. बोरिस डिऑला दोनच वर्षांपूर्वी शार्लटच्या संघाने सोडून दिलं होतं, तो फायनलच्या तिसऱ्या सामन्यापासून पहिल्या पाचांत आला. पॅटी मिल्स हा ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी समाजातला. फायनलच्या तोंडावर पॉपने अख्ख्या टीमला एडी माबो कोण होता हे सांगितलं, ज्याच्या लढ्यामुळे ऑस्ट्रेलियात मूलनिवासींचा जमिनीवरचा हक्क मान्य झाला तो. फायनलच्या तोंडावर हे! आमच्याकडे रिलीजच्या आधी कुणी एखाद्याच्या गावाचं नाव जरी विचारलं तरी 'ऑफलाइन बोला' म्हणतात.

समोर पुन्हा मायामी. स्पर्स ४-१. पाच सामन्यांत मिळून सत्तर पॉइंट्सची आघाडी, सरासरी चौदा. तिसऱ्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्यात त्यांनी ७१ पॉइंट्स केले, नेमबाजी ७५.८ टक्के. बॉल या हातातून त्या हातात इतका फिरतो की बघताना आपलीच मान दुखते. फायनलचा एमव्हीपी कोण, तर आदल्या वर्षी फ्री थ्रो चुकवलेला कवाय लेनर्ड.

इथेच थांबलो तर लेख गोड होईल. पण कवायचीच गोष्ट पुढे आहे. २०१६ मध्ये डंकन निवृत्त झाला. २०१७-१८ च्या मोसमात मांडीच्या दुखण्यामुळे लेनर्ड जेमतेम नऊ सामने खेळला. दुखापत नेमकी किती, खेळायला तयार की नाही, यावर संघाचे डॉक्टर आणि त्याचे स्वतःचे डॉक्टर यांच्यात मतभेद. एकमेकांवरचा विश्वास गेला. जुलै २०१८ मध्ये त्याला टोरांटोला देऊन टाकलं आणि २०१९ मध्ये त्याने टोरांटोला विजेतेपद मिळवून दिलं. स्पर्सचं ते जगप्रसिद्ध 'कल्चर' त्याला धरून ठेवू शकलं नाही. २०१९ नंतर पॉप कोच असेपर्यंत स्पर्स एकदाही प्लेऑफमध्ये गेले नाहीत. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही मोसमांत २२ विजय, ६० पराभव. तोच कोच, तीच शिस्त.

यावरून काहीजण म्हणतात की बघा, सगळी डंकनची कमाल होती, पॉप नुसता नशीबवान. मला ते अर्धंच पटतं. डंकनशिवाय पाच विजेतेपदं नाहीत हे उघड आहे. पण डंकनसारखं कौशल्य असलेले इतरही झाले, त्यातल्या किती जणांना कोच सगळ्यांसमोर 'पाय हलव' म्हणू शकला? डंकनने ऐकून घेतलं हा त्याचा मोठेपणा, आणि पॉपने ते सांगायचं धाडस केलं हा पॉपचा. बहुतेक ठिकाणी कमतरता दुसऱ्या गोष्टीची असते. आमच्या गुरूला कुणी नीट सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं असं मला आजही वाटतं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला सांगायची टाप कुणाची नव्हती, आणि ज्यांचं ते कामच होतं त्यांना त्याच्या राजीनाम्याची भीती.

पॉपचं सगळंच मला पटतं असं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मायामीविरुद्धच्या सामन्याआधी त्याने डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन या चौघांना विश्रांतीसाठी सरळ घरी पाठवून दिलं. लीगने स्पर्सला अडीच लाख डॉलर दंड केला. खेळाडूंच्या गुडघ्यांचा विचार बरोबरच, पण ज्याने पोराला डंकन दाखवायचा म्हणून महिनाभर आधी तिकीट काढलं होतं त्याचं काय? असो.

नोव्हेंबर २०२३ मधला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. लेनर्ड आता लॉस एंजलिस क्लिपर्सकडून खेळायला सॅन अँटोनियोत आलेला. फ्री थ्रोला उभा राहिला की घरचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. पाच वर्षं झाली तरी राग गेला नव्हता. सामना चालू असताना पॉप उठला, उद्घोषकाचा माइक घेतला आणि आपल्याच प्रेक्षकांना झापलं. हे थांबवा, यात काही शोभा नाही, आपण असे नाही, अशा अर्थाचं काहीतरी. प्रेक्षकांनी आणखी जोरात हुर्यो केली :) चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, संघ हरतोय, आणि हा तिकीट काढून आलेल्या स्वतःच्या लोकांना ओरडतोय, तेही सोडून गेलेल्या खेळाडूसाठी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला स्ट्रोक आला, आणि मे २०२५ मध्ये त्याने कोचपद सोडून बास्केटबॉल ऑपरेशन्सचा अध्यक्ष म्हणून राहायचं ठरवलं. ते जाहीर करायला आला तेव्हा एका बाजूला डंकन, दुसऱ्या बाजूला जिनोबिली. पॉपनंतर कोचिंग मिच जॉन्सनकडे आलं. त्याच्या हाताशी व्हिक्टर वेंबान्यामा आहे, सात फूट चार इंच उंच, फ्रान्सचा, आणि डंकननंतर स्पर्सला ड्राफ्टमध्ये मिळालेली पहिली 'पहिली निवड'. वेंबान्यामाचे ब्लॉक्स बघायला सगळेच येतात. मला टाइमआउटमध्ये कॅमेरा बेंचकडे वळला की जास्त मजा येते. जॉन्सन कुणाकडे बघून ओरडतोय, ते आधी शोधतो.